धक्का कोणासाठी?

मुंबईसारख्या समुद्राने वेढलेल्या नगरीत नौकाविहाराच्या सोयी असाव्यात की नसाव्यात, असा प्रश्न आम्हांला कोणी केला तर आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे : असाव्यात, आणि त्या आजच्यापेक्षा कितीतरी अधिक असाव्यात. हे आरंभीच सांगितलेले बरे. धर्मगुरूने लेखणी उचलली की तो चैनीवर कोरडे ओढणार, अशी पुष्कळांची समजूत असते. समुद्रावरचा वारा अंगावर घेणे, फुगलेले शीड पाहणे, आठवडाभराच्या कष्टांनंतर बायकामुलांसह घटकाभर पाण्यावर जाऊन येणे, यात पाप कोणते? ज्या देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला त्याच्या लेकरांना विसाव्याचा हक्क आहे. आमचा वाद नौकेशी नाही, विहाराशी नाही. आमचा वाद आहे तो धक्क्याशी. तो धक्का कोणाच्या जागेवर उभा राहतो, कोणाच्या पैशाने बांधला जातो, आणि बांधून झाल्यावर त्याच्या तोंडाशी उभा असलेला पहारेकरी कोणाला आत सोडतो व कोणाला हटकतो, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. प्रेषित गावोगाव फिरून दमून परतले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी वर्दळ होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा प्रभूने त्यांना एकान्तस्थळी विसाव्यासाठी नेले, आणि नेले ते होडीतून. नौकाविहाराला याहून मोठा दाखला कोणता हवा? परंतु प्रसंग येथे संपत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांनी ती होडी ओळखली, ते काठाकाठाने पायी धावत सुटले आणि होडीच्या आधी त्या ठिकाणी जाऊन पोहोचले. उतरताना प्रभूला तो समुदाय दिसला. त्याने होडी मागे वळवली नाही, की ही जागा राखीव आहे असे सांगावयास शिष्यांना पुढे धाडले नाही. त्याला त्या लोकांचा कळवळा आला, आणि त्याच एकान्तस्थळी पाच हजारांची पंगत बसली. होडीतल्यांचा विसावा आणि काठावरच्यांची भूक यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे ज्याला पटले त्याला आमचे पुढचे म्हणणे पटण्यास अडचण पडू नये.

एकाच पाण्यावरच्या दोन नौका

गेटवे ऑफ इंडियाची कमान आज जेथे उभी आहे ते मराठी माणसाचे पालवा बंदर. साहेबाच्या दप्तरी त्याचे नाव अपोलो बंदर. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा या बंदरी उतरला, त्याचे स्मारक म्हणून ही कमान उभारली गेली व १९२४ साली तिचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी त्या जागी कोळ्यांचा साधा धक्का होता. जवळच रॉयल बॉम्बे यॉट क्लब उभा आहे. १८४६ साली स्थापन झालेली ही संस्था देशातील जुन्या नौकाक्लबांपैकी एक. परकीय अमदानीत भारतीयांना तेथे सभासदत्व नसे. म्हणजे एकाच पाण्यावर दोन प्रकारच्या नौका चालत आल्या : एक पोटासाठी, दुसरी हौसेसाठी. हौसेच्या नौकेला वाडा मिळाला, हिरवळ मिळाली, बादशाही किताब मिळाला. पोटाच्या नौकेला ओहोटीचा चिखल मिळाला. साहेब गेला, त्याचा क्लब आता आपल्या देशबांधवांचा झाला. परंतु ही वाटणी मात्र त्याच्याबरोबर गेली नाही.

मराठी माणसाने बांधलेला धक्काही या शहरात आहे, हे येथे स्मरावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला भाऊचा धक्का आजही त्यांचेच नाव चालवतो. त्या धक्क्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोकणचा चाकरमानी बोटीत चढला, रेवस-उरणची भाजी उतरली, मासळीचा लिलाव झाला. तेथे कोणी कोणाचे सभासदत्व विचारले नाही. जो तिकिटाचे पैसे देईल तो चढेल, हा तेथला साधा नियम. मार्वे ते मनोरी, वर्सोवा ते मढ, बोरिवली ते गोराई या तरी आजही त्याच नियमाने चालतात. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांचा नौकाविहार म्हणाल तर तो हाच : सणासुदीला पाहुण्यांसह तरीत बसायचे, खाडीचा वारा खायचा, आणि सायंकाळी परतायचे.

नव्या धक्क्यांची भाषा

आता नवी भाषा बोलली जाऊ लागली आहे. तीत मरीना, टर्मिनल, वॉटरफ्रंट, क्रूझ असे शब्द येतात. गेटवेनजीक रेडिओ क्लबपाशी महाराष्ट्र सागरी मंडळाने सुमारे २२९ कोटी रुपयांची नवी प्रवासी जेटी व टर्मिनल बांधावयास घेतले. त्यामागची गरज खोटी नाही. गेटवेच्या निसरड्या पायऱ्यांवरून हलणाऱ्या बोटीत पाय टाकताना वृद्धांची आणि लेकुरवाळ्या बायांची काय त्रेधा उडते, हे घारापुरीला किंवा मांडव्याला गेलेला प्रत्येकजण जाणतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर चाचणीसाठी निघालेली नौदलाची वेगवान बोट आदळली व डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दुर्घटनेनंतर प्रवाशांच्या सुरक्षिततेकडे पाठ फिरवण्याचा अधिकार कोणालाच राहिलेला नाही. चांगला धक्का हवा, सुरक्षित हवा, त्वरेने हवा.

परंतु धक्का हवा म्हणून त्याच्यासोबत जे जे येईल ते सर्व पत्करावे काय? या आराखड्यात प्रवाशांच्या सोयींबरोबर शंभराहून अधिक मोटारगाड्यांचा वाहनतळ, अतिविशिष्टांसाठी दालन, खुले प्रेक्षागार, उपाहारगृह अशी भर होती. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रकल्पाला मार्ग मोकळा करून दिला. तथापि तसे करताना न्यायालयाने ज्या अटी घातल्या त्या फार बोलक्या आहेत. प्रेक्षागार हे करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी वापरावयाचे नाही, ते प्रवाशांना बसण्यासाठीच राहील. उपाहारगृहात जेवणावळी झडावयाच्या नाहीत, पाणी व बंद पाकिटातले पदार्थ तेवढे मिळतील. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकल्पात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आमच्या मते त्या अटींचे सार एका वाक्यात सांगता येईल : धक्का हा प्रवाशासाठी असतो. इतकी साधी गोष्ट न्यायासनाला लिहून द्यावी लागते, यातच सगळे आले.

बंदर प्राधिकरणाची मरीनाची योजना तर गेली कित्येक वर्षे चर्चेत आहे. मरीना म्हणजे काय, हे वाचकांना थोडक्यात सांगणे इष्ट आहे. लाटांना अडवणारा बांध घालून आत शांत पाणी करावयाचे, तेथे तरंगते धक्के बसवावयाचे, आणि प्रत्येक विहारनौकेला जनावरास गोठ्यात दावण असते तशी बांधण्याची जागा भाड्याने द्यावयाची. तिच्यासोबत वीज, पाणी, इंधन, दुरुस्ती, पहारा. ही व्यवस्था उपयुक्त आहे यात शंका नाही. पण तिला मोलही पडते. किनाऱ्यालगत वाळू व गाळ सतत सरकत असतो. बांध घातला की त्याच्या एका बाजूस गाळ साठतो व दुसऱ्या बाजूचा किनारा झिजतो. नौकांच्या तळाला शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग लावतात, तो हळूहळू पाण्यात उतरतो. नौकांच्या तळाशी साठलेले तेलकट पाणी व शौचकूपाचा मैला किनाऱ्यावर काढून घेण्याची चोख सोय नसेल तर तोही त्याच पाण्यात जातो. ज्या पाण्यात कोलंबी व निवटे वाढतात त्याच पाण्याची ही गोष्ट आहे. कोणत्याही आराखड्याच्या रंगीत चित्रात पांढरीशुभ्र नौका दिसते. गाळ कोठे साठणार हे त्यात काढलेले नसते.

विचारले कोणाला?

विहाराचे सोडा, शहराच्या सोयीसाठी समुद्रात जे जे बांधले जाते त्याबाबत किनाऱ्यावरच्या माणसाला कसे विचारले जाते, याचा नमुना वरळीने दाखवून दिला. किनारी रस्ता सागरी सेतूला जेथे जोडावयाचा तेथेच वरळी कोळीवाड्याच्या होड्यांचा ये-जा करण्याचा मार्ग. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर साठ मीटर धरलेले. तांडेलांनी सांगितले की वारा व प्रवाह एकदम आडवा आला तर एवढ्या फटीतून होडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तज्ज्ञांचे कागद एका बाजूस आणि पिढीजात अनुभव दुसऱ्या बाजूस, असा तो सामना कित्येक महिने चालला. काम अडले, आंदोलने झाली, आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने हे अंतर एकशेवीस मीटर करण्याचे मान्य केले. कोळी बांधवांची मागणी त्याहूनही अधिक अंतराची होती. आमचा प्रश्न असा आहे : जे अंतर आंदोलनानंतर दुप्पट करता आले, ते नकाशा काढताना का करता आले नाही? उत्तर उघड आहे. नकाशा काढणाऱ्याच्या टेबलापाशी तांडेलाला खुर्ची नव्हती.

येथे आम्हांला नेहमीचे उत्तर दिले जाईल : मरीना आली की रोजगार येईल, तुमच्याच मुलांना कामे मिळतील. रोजगाराला आम्ही नाही म्हणत नाही. परंतु कोणता रोजगार, हे विचारण्याची मुभा असावी. ज्याचा आजा स्वतःच्या होडीचा नाखवा होता, ज्याला ताऱ्यांवरून दिशा आणि पाण्याच्या रंगावरून खोली कळत होती, त्याच्या नातवाने दुसऱ्याच्या नौकेचा तळ घासावा, पाहुण्यांच्या बॅगा वाहाव्यात आणि फाटकावर सलाम ठोकावा, याला आम्ही उन्नती म्हणावी काय? कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते, ही आमच्या धर्माची शिकवण आहेच. परंतु मालकाला मजूर करणारी योजना ही विकासाची योजना नव्हे, हीदेखील त्याच शिकवणीची दुसरी बाजू आहे. रोजगाराचे आश्वासन द्यायचे तर मग नौका चालवण्याचा परवाना काढण्यासाठी प्रशिक्षण द्या, इंजिन दुरुस्तीचे वर्ग काढा, जागांचे काही गाळे कोळी सहकारी संस्थांच्या नावे करा. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवू.

दुसऱ्या बंदरांकडे पाहू

हे सारे स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणू नये. जगात याचे दाखले आहेत. अमेरिकेतील बॉस्टन शहरी चार्ल्स नदीच्या काठी कम्युनिटी बोटिंग नावाची संस्था आहे. १९३६ च्या सुमारास जोसेफ ली या गृहस्थाने शेजारच्या वेस्ट एन्ड या गरीब वस्तीतील मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवण्यास आरंभ केला. ती वस्ती परदेशांतून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची. १९४६ साली संस्था रीतसर स्थापन झाली. मुलांसाठी उन्हाळाभराची वर्गणी कित्येक वर्षे एक डॉलर एवढीच होती. अट एकच, मुलाला पोहता आले पाहिजे. सभासदाने वडिलांची मिळकत सांगायची नाही, शिफारसपत्र आणायचे नाही. पाण्यात उतरून पोहून दाखवायचे. सार्वजनिक नौकाविहार म्हणतात तो हा!

परंतु या कथेला एक कडू शेवट आहे, आणि तो आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या नवनिर्माणाच्या नावाखाली वेस्ट एन्ड ही वस्तीच जमीनदोस्त करण्यात आली. हजारो कुटुंबे पांगली, आणि त्यांच्या जागी महागडे मनोरे उभे राहिले. नौकागृह राहिले, ज्या मुलांसाठी ते निघाले त्यांची घरे राहिली नाहीत. ती संस्था आजही उत्तम काम करते आहे, हे तिचे भूषण. पण आपण धडा घ्यावयाचा तो असा की केवळ सोय पुरत नाही, सोयीशेजारी माणसालाही राहू द्यावे लागते. धक्का दिला आणि कोळीवाडा घेतला तर काहीच दिले नाही.

स्पेनमधील बार्सेलोना हे दुसरे बंदर. तेथील बार्सेलोनेता हा भाग अठराव्या शतकात कोळी व गोदी कामगारांसाठी वसवला गेला. संत मिखाएलाचे चर्च त्यांच्या वस्तीच्या मध्यभागी उभे आहे. १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी जवळच नौकांचे ऑलिम्पिक बंदर बांधले गेले. खेळ संपले, आणि पुढील काळात त्या बंदराकाठी रात्रभर चालणारे मद्यपानगृहांचे व नाचगाण्यांचे अड्डे बोकाळले. रहिवाशांना झोप मिळेना. पर्यटकांना भाड्याने देण्यापायी घरांची भाडी चढली, जुनी कुटुंबे हलू लागली. २०१४ च्या उन्हाळ्यात बार्सेलोनेताचे लोक रस्त्यावर उतरले. अखेर २०२० साली नगरपालिकेने त्या बंदराचा कारभार आपल्या हाती घेतला, रात्रीचे अड्डे बंद केले, लाटा अडवणाऱ्या बांधावर सर्वांना फिरता येईल असा मार्ग केला. त्याच बंदरात नगरपालिकेचे नौकानयन केंद्र आहे. २०२४ साली अमेरिकाज कप ही धनाढ्यांची जगप्रसिद्ध नौकाशर्यत त्या शहरी भरली; तिच्याविरुद्धही नागरिकांनी मोर्चे काढले, आणि पुढची शर्यत आपल्या शहरी भरवायची नाही असे ठरले. ज्या शहराने तीस वर्षे समुद्रकाठ विकून पाहिला, ते शहर तो परत घेऊ लागले आहे. आम्ही मात्र त्याचे सोडलेले जोडे घालण्यास उतावीळ!

आणि परदेशात तरी कशाला जावे? आपल्याच देशात भोपाळच्या बड्या तलावावर नौकानयनाची राष्ट्रीय शाळा आहे. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. त्या शाळेत शिकलेली देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची कन्या नेहा ठाकूर हिने वयाच्या सतराव्या वर्षी, २०२३ साली हांगचौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत, शिडाच्या नौकेच्या शर्यतीत रौप्यपदक पटकावले. हैदराबादेस हुसेनसागर तलावावर सुहेम शेख यांनी २००९ साली स्थापन केलेल्या क्लबात गरीब वस्त्यांतील मुलेमुली शीड सांभाळायला शिकतात व राष्ट्रीय पदके आणतात. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. समुद्र नसलेल्या प्रदेशातील शेतकऱ्याच्या मुलीला शासनाच्या शाळेत शीड मिळते. आणि ज्यांच्या रक्तात समुद्र आहे त्या वेसावे, मनोरी, उत्तन, अर्नाळ्याच्या मुलांना विहारनौका दिसते ती दुरून, दुसऱ्याची, पाठमोरी. यात दोष मुलांचा नाही, समुद्राचा तर नाहीच नाही.

किनारा हा ठेव आहे

समुद्र व त्याचा काठ कोणा एकाचा नाही, हे तत्त्व फार जुने आहे. हवा, वाहते पाणी, समुद्र व समुद्रकिनारा ही सर्वांची सामाईक संपत्ती असल्याचे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहाने नमूद केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, बियास नदीच्या काठावरील एका हॉटेलाच्या प्रकरणात, त्याच तत्त्वाचा आधार घेतला : अशी नैसर्गिक संपत्ती शासनाकडे लोकांची ठेव म्हणून असते, शासन तिचे विश्वस्त असते, मालक नव्हे. विश्वस्ताने ठेव विकावयाची नसते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची नोंद करून नकाशे काढण्याची तरतूद झाली. तरीही कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. मरीनाची जागा मोजायला मोजणीदार तात्काळ मिळतो. कोळीवाड्याची हद्द मोजायला मिळत नाही, याचे नवल वाटते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच विषय मांडला आहे. निसर्गसुंदर जागा खासगी होत जातात व सामान्य माणसाला तेथे पाय ठेवता येत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पृथ्वीवरील संपदा सर्वांसाठी निर्माण झाली आहे व खासगी मालकीवर समाजाचे ऋण आहे, ही ख्रिस्तसभेची परंपरागत शिकवण त्यांनी नव्याने सांगितली. ही शिकवण केवळ कारखानदारांना लागू आणि समुद्रकिनाऱ्याला नाही, असे कोणी समजू नये.

आणि आपला समाज तर समुद्राच्या काठानेच वाढला. वांद्र्याचे संत आंद्रेयाचे चर्च १५७५ सालचे. त्याच्या छायेत चिंबईचा कोळीवाडा आजही नांदतो. टेकडीवरच्या मोत माउलीची मूर्ती एका कोळ्याला समुद्रात सापडली, ही आख्यायिका लहानथोरांच्या तोंडी आहे. पाचूबंदर, अर्नाळा, उत्तन, गोराई, मनोरी येथील वेद्यांवरचे नवस भरतीओहोटीशी जोडलेले आहेत. पावसाळा सरताना होड्यांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरू किनाऱ्यावर जातो, तेव्हा तो काही पाण्यावर तीर्थ शिंपडण्यासाठी जात नाही. एका अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या भाकरीवर प्रभूची कृपा मागायला जातो. तो किनारा कुंपणाआड गेला तर आशीर्वाद कोठे द्यायचा? फाटकावर पास काढून?

आमच्या मागण्या

केवळ तक्रार करून थांबणे आम्हांला मान्य नाही. आमच्या मागण्या चार आहेत. पहिली : नव्या विहारधक्क्यावर एक रुपया खर्च होण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरील मासेमारीचा धक्का नीट करा. बर्फ, डिझेल, दिवे, पिण्याचे पाणी आणि पहाटे पाट्या घेऊन उभ्या असणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय, एवढे तरी तेथे असावे. दुसरी : पाण्याच्या कडेने सर्वांना चालता येईल असा मार्ग उघडा ठेवा, जाळी विणण्याच्या व बोंबील वाळवण्याच्या जागा नकाशात लिहा. तिसरी : सार्वजनिक पाण्यावरील प्रत्येक नौकाक्लबाने व मरीनाने वस्तीतील मुलांना नाममात्र वर्गणीत नौकानयन शिकवणे ही परवान्याची अट करा. चौथी : आराखडा काढतानाच कोळी सहकारी संस्थांना बोलवा, कागद मराठीत द्या, आणि त्यांचे म्हणणे का स्वीकारले वा का नाकारले ते लेखी सांगा.

काही मागण्या आपल्याच समाजाकडेही आहेत. किनाऱ्यावरच्या आपल्या शाळांनी प्रत्येक मुलामुलीला पोहायला शिकवावे. ज्याला पोहता येत नाही त्याला समुद्र आपला वाटत नाही, त्याची भीतीच वाटते. धर्मग्रामाच्या युवकमंडळाने क्रिकेटच्या सामन्यांसोबत होड्यांची शर्यत भरवावी. नाखव्याने आपली होडी एक दिवस मुलांना द्यावी. आणि ज्यांच्या हाती पाण्यालगतची वाडी आहे त्यांनी ती एखाद्या शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी देऊन टाकण्यापूर्वी शेजारच्या होडीवाल्याला एकदा विचारावे. मनोरी-गोराईच्या बाजूस असे कित्येक बंगले उभे राहिले. विकणाऱ्याला पैसा एकदाच मिळतो. वाट मात्र सगळ्या गावाची कायमची जाते. जमीन आपली असेल, पण तिच्यावरून समुद्राकडे जाणारी पायवाट आजोबांच्या काळापासून सर्वांची आहे.

कोणी म्हणेल, कोळ्यांची मुले आता शिकली, कार्यालयांत जातात, त्यांना धक्का कशाला? शिकलेल्या मुलाला समुद्र नको असतो, हे कोणी ठरवले? डॉक्टर झालेला शेतकऱ्याचा मुलगा शेत विसरत नाही. मग इंजिनिअर झालेल्या तांडेलाच्या मुलाने पाण्याशी नाते तोडावे अशी अपेक्षा का? उलट तो रविवारी स्वतःच्या छोट्या होडीतून मुलांना फिरवू शकला, तर तोच खरा नौकाविहार. विहार आणि उपजीविका ही एकमेकांची शत्रू नाहीत. एका धक्क्यावर पहाटे मासळी उतरावी, दुपारी शाळेच्या मुलांची शिडे सुटावीत, सायंकाळी पाहुणे घारापुरीहून परतावेत, यात अशक्य ते काय? क्रम मात्र हाच असावा. आधी पोट, मग शिक्षण, मग हौस. हा क्रम उलटा झाला की सोय ही सोय राहत नाही, ती हकालपट्टी होते.

यापुढे आपल्या किनाऱ्यावरील कोणत्याही प्रकल्पासाठी हरकती व सूचना मागवल्याची जाहिरात वर्तमानपत्रात येईल. ती बारीक अक्षरांत असेल आणि मुदत थोडी असेल. त्या वेळी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभे राहून हळहळण्याने काही साधणार नाही. प्रत्येक धर्मग्रामातून, कोळीवाड्याच्या संस्थेच्या सहीनिशी, लेखी हरकत गेली पाहिजे. जनसुनावणीला माणसे गेली पाहिजेत, आणि त्यांत बायका असल्या पाहिजेत, कारण धक्क्यावरचा बाजार त्या चालवतात. इतर धर्मांच्या कोळी बांधवांशी हात मिळवूनच हे करावे. समुद्रावर वादळ येते तेव्हा कोणाच्या होडीवर क्रूस आहे आणि कोणाच्या होडीवर नारळ वाहिला आहे, हे ते पाहत नाही. हरकतीत फार पांडित्य नको. एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे : साहेब, हा धक्का कोणासाठी?